चाकोरीची कुळकथा

शिरड शहापूरहून औंढ्याकडे किंवा वसमतकडे जाणारी डांबरी सडक सोडून शेताच्या पांदणीला लागलं, की काळ्या मातीत दोन खोबण्या शेजारी शेजारी पळताना दिसतात. पावसाळ्यात गाडीच्या चाकाची लोखंडी धाव चिखलात रुतते, पुढे ऊन पडलं की ती खूण विटेसारखी घट्ट होते, आणि मागून येणारं प्रत्येक चाक आपसूक त्याच खोबणीत उतरतं. ही चाकोरी. चक्राचं चाक झालं, चाकाची चाकोरी. कंटाळवाण्या आयुष्याला आपण हे नाव देऊन बसलो, याची मला खंत आहे. संगणकावरच्या त्रिमितीत एखादी वस्तू ठरल्या मार्गाने चालवायची, तर आजही आधी चाकोरीच पाडावी लागते. मोशन ग्राफिक्सची कामं करणारी मुलं तिला ‘पाथ’ म्हणतात. नकाशावरून सरकणारी पालखी, डोंगराला वळसा घालणारं विमान, नावाच्या अक्षरांभोवती फिरणारी ठिणगी, सगळी त्या अदृश्य खोबणीतूनच जातात.

या खोबणीचं कूळ लाकडाचं आहे. जहाजं बांधणारे कारागीर सांगाड्याची वळणं आखताना लवचिक लाकडी पट्टी वाकवत आणि ती सुटू नये म्हणून तिच्यावर जागोजागी शिशाची वजनं ठेवत. पट्टीचं नाव स्प्लाइन. वजनांच्या मधल्या जागेत ती स्वतःला कमीत कमी वाकवून घेते, म्हणून तिच्या वळणात कुठे कोपरा येत नाही. १९४६ मध्ये आयझॅक शोनबर्ग यांनी हेच नाव गणितातल्या वक्रांना दिलं. मग वक्र मोटारींच्या कारखान्यात गेले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये एक सोपी रीत काढली. चार बिंदू घ्या, ते क्रमाने रेघांनी जोडा, प्रत्येक रेघेवर त्याच प्रमाणात एकेक नवा बिंदू धरा, ते पुन्हा जोडा. असं करत शेवटी जो एकच बिंदू उरतो, तो वक्रावरचा. कंपनीने ही रीत गुपित ठेवली. रेनोमधल्या पिएर बेझिए यांनी आपलं काम छापून प्रसिद्ध केलं, म्हणून वक्राला नाव त्यांचं लागलं. पहिल्या माणसाचं नाव असं मागे राहिलेलं मला कधीच पटलं नाही. १९७४ मध्ये एडविन कॅटमल आणि राफाएल रोम यांचा वक्र आला. तो दिलेल्या प्रत्येक बिंदूतून जातो, त्यामुळे गावं जोडत जाणाऱ्या वाटेला तो फार सोयीचा.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला, तेव्हा आखलेली रेघ नव्हती. काडी बोटाने जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. लहान सरक म्हणजे संथ चाल, मोठी सरक म्हणजे वेग. वेग कलावंताच्या बोटात होता.

संगणकाच्या रेघेवर मात्र वेगच पहिल्यांदा फसतो. गणितातला आकडा शून्यापासून एकापर्यंत एकसारखा वाढवत नेला, तरी वस्तू कुठे धावते, कुठे रेंगाळते, कारण त्या आकड्याची पावलं आणि वाटेवरचं अंतर एक नसतं. उपाय सडकेवरचाच, मैलाचे दगड. सबंध वक्र बारीक तुकड्यांत मोजून अंतरांचं कोष्टक करायचं आणि त्यावरून वस्तूची जागा काढायची.

मग तोंडाचा प्रश्न. औंढ्याच्या नागनाथाचं देऊळ नामदेवांसाठी फिरलं, अशी परंपरा आहे. जागा तीच राहिली, तोंड बदललं. जागा आणि तोंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाटेवर दोन्ही सांभाळाव्या लागतात. पुढची दिशा वक्रच सांगतो. ‘वर’ कोणतं, हे ठरवायला फ्रेने आणि सेरे या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञांची सूत्रं वापरली जातात. ती वळणाच्या आतल्या बाजूवरून ‘वर’ काढतात. नागमोडी पांदणीवर डावं वळण संपून उजवं सुरू झालं की आतली बाजू पालटते, आणि पडद्यावरची गाडी एका क्षणात उलटी, चाकं आभाळाकडे! १९७५ मध्ये रिचर्ड बिशप यांनी दुसरी वाट दाखवली: मागच्या पावलाचं ‘वर’ सोबत न्यायचं आणि वाट वळायला लावेल तेवढंच वळवायचं. खरी बैलगाडी अशीच चालते. एका रोखातून दुसऱ्या रोखात हळुवार नेण्यासाठी केन शूमेक यांनी १९८५ मध्ये गणितज्ञ हॅमिल्टन यांचे क्वाटर्नियन, म्हणजे फिरणं मांडणारे आकडे, अॅनिमेशनमध्ये आणले. डब्लिनच्या पुलावर १८४३ मध्ये सुचलेलं ते गणित.

राहिलं चाक. गाडी घेराएवढं अंतर गेली की चाकाचा एक फेरा पुरा व्हायलाच हवा, नाहीतर ते घसरल्यासारखं दिसतं आणि पाहणाऱ्याचा डोळा ते लगेच पकडतो. इथेही मैलाच्या दगडांचं तेच कोष्टक कामाला येतं. पांदणीवरची धाव हा हिशेब फेऱ्यागणिक मातीत उमटवत जाते.