हिप्परग्याची शाळा आणि तिचा निकाल

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा गावात 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी हे तिचे संस्थापक. काळ हैदराबादच्या निजामी राजवटीचा होता. वरच्या इयत्तांचं शिक्षण उर्दूतून चाले आणि मराठी घरातल्या पोराला तिथवर पोचताच परकी भाषा भेटे. हैदराबाद राज्यातली साक्षरता 1951 च्या जनगणनेतही नऊ टक्क्यांच्या आसपासच होती.

1929 मध्ये व्यंकटेश खेडगीकर या शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्याआधी त्यांनी ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत काम केलं होतं. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. 1935 मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले आणि 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात. हिप्परग्यातले त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपेही मुक्तिसंग्रामात उतरले. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा शाळा सुरू होऊन 27 वर्षं उलटली होती.

हे सगळं शाळेनं घडवलं का?

या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. देशप्रेमानं भारलेली घरंच आपली मुलं अशा शाळेत घालत असतील, तर शाळेचं श्रेय किती आणि घराचं किती, हे वेगळं काढता येत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 1962 पासून झालेल्या पेरी बालवाडीच्या अभ्यासानं नेमकी हीच अडचण ओलांडली. गरीब घरांतल्या 123 मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला बालवाडी मिळाली, दुसऱ्याला नाही. बालवाडीतल्या मुलांची बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांतच ओसरली. पण चाळिशीत पाहिलं तेव्हा त्यांची कमाई जास्त होती आणि अटकेचे प्रसंग कमी. पाचव्या वर्षी थांबलेल्या संशोधकाला यातलं काहीच दिसलं नसतं.

धाराशिवमध्ये इतक्या लांबवर पाहणारा अभ्यास निकडीचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर सास्तूर परिसरातल्या मुलांच्या वाटा फुटल्या. काही गावातल्याच शाळेत राहिली. काही पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकारानं नळदुर्गला उभ्या राहिलेल्या ‘आपलं घर’मध्ये वाढली. लातूर-धाराशिवची सुमारे बाराशे मुलं भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्या वर्षी पहिलीत असलेली पोरं आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत.

त्यांची नावं, जन्मतारखा आणि शाळा सोडल्याचं कारण शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंदवलेलं असतं. त्या नोंदी हाताशी घेऊन, संमतीनं, या माणसांना शोधून विचारायला हवं: काम काय करता, पोरांना कुठवर शिकवलं, तब्येत कशी आहे, ग्रामसभेत बोलता का? डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्रातल्या विद्यार्थ्यांनी एकेक गाव वाटून घेतलं, तर हे काम याच जिल्ह्यातून सुरू होऊ शकतं.