पानथरी, तिल्ली, प्लीहा

मराठीतून वैद्यक शिकविण्याचा एक भरीव प्रयत्न १८६१ साली झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या वर्षी मराठी वर्ग निघाला. शिकणाऱ्यांना पुढे मराठी रुग्णच तपासावयाचे असल्याने आयुर्वेदातले यकृत आणि घराघरांतली पटकी, दोन्ही शब्द हाताशी लागत.

परिभाषेचा पुढला मोठा उद्योग नागपूरचा. १९४०च्या दशकात लाहोर सोडून तेथे आलेल्या डॉ. रघुवीरांनी संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे शास्त्रीय संज्ञा सिद्ध करण्याचे काम चालविले. त्यामागे केवळ संस्कृताभिमान पाहणे अन्यायाचे ठरेल. मध्यप्रांत व वऱ्हाड हा इलाखा द्विभाषिक होता. हिवतापाने नागपूरच्या रुग्णाची पानथरी वाढे, जबलपूरच्या घमापुरात तीच तिल्ली. दोहोंसाठी 'प्लीहा' ही एकच संज्ञा विद्यार्थ्याच्या सोयीची होती. शिवाय मराठी काळीज काय किंवा हिंदी कलेजा काय, कवितेत हृदय आणि खाटकाच्या दुकानात यकृत! शरीरशास्त्राला असली लवचीकता परवडत नाही. मात्र ही संज्ञा शिकलेला डॉक्टर रुग्णाशी कसा बोलणार, हा प्रश्न कोशाच्या कक्षेबाहेरच राहिला.

१९५६ मध्ये इलाखा विभागला गेला. जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला एम.बी.बी.एस.ची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा रूढ इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवण्यात आल्या. 'स्प्लीन' वाचून आलेल्या विद्यार्थ्याला पोट चाचपताना तिल्लीच म्हणावे लागते. समोर एखादी मराठी आजी असली, तर पानथरी.