कुलाबा ते अलिबाग : एका वेधशाळेची वाटचाल

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईत कुलाब्याला वेधशाळा उभारली. म्हणजे २०२६ हे तिचे द्विशताब्दी वर्ष. विज्ञानाच्या इतिहासात आपण बहुधा शोधांच्या आणि शास्त्रज्ञांच्या तिथी लक्षात ठेवतो. कुलाब्याची द्विशताब्दी मात्र साजरी करायची ती तिथल्या नोंदवह्यांसाठी. पिढ्यानुपिढ्या न चुकता घेतलेल्या नोंदी हे या संस्थेचे खरे धन आहे आणि जगाला तिची ओळख आहे तीही त्यांच्यामुळेच.

जहाजांची वेळ, पृथ्वीचे चुंबकत्व

सुरुवातीचा हेतू व्यवहाराचा होता. भर समुद्रात रेखांश काढायचा तर जहाजावरचे घड्याळ अचूक हवे. ते जुळवून घेण्यासाठी बंदराला खात्रीची वेळ हवी होती. आकाशातले वेध घेऊन ती ठरवणे हे वेधशाळेचे काम.

पुढच्या दशकात युरोपात गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे एकाच वेळी अनेक ठिकाणी मापन करण्याची मोहीम सुरू केली होती. ब्रिटिशांनी तिच्यात भाग घेऊन टोरांटोपासून होबार्टपर्यंत चुंबकीय वेधशाळांची साखळी उभारली आणि कुलाबा तिचा एक दुवा झाला. १८४१ मध्ये एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांनी येथे चुंबकीय निरीक्षणे सुरू केली.

या कामात मराठी माणसे अगदी पहिल्यापासून होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचा प्रभारी कारभार पाहिला. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे कोवळ्या वयातच येथे साहाय्यक म्हणून रुजू झाले. पुढे गणिती आणि ज्योतिर्विद म्हणून नावारूपाला आलेले, लोकमान्य टिळकांचे गुरू असलेले केरूनाना ते हेच. आकडा कसा घ्यावा, कसा तपासावा याचे शिक्षण त्यांना कुलाब्यात मिळाले.

१८५९ चे वादळ

नोंद घ्यायची पद्धत साधी, पण चिकाटीची कसोटी पाहणारी होती. बारीक धाग्यांवर टांगलेला लोहचुंबक, त्याला जडवलेला लहानसा आरसा आणि काही अंतरावर दुर्बीण व मोजपट्टी. चुंबक किंचित जरी वळला तरी आरशात दिसणारी मोजपट्टी सरकायची. निरीक्षकाने दुर्बिणीला डोळा लावून तो आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा. दिवस असो वा रात्र, तासातासाला हेच. क्षेत्र अस्थिर झाल्याचे दिसले की पुढच्या तासाची वाट न पाहता काही काही मिनिटांनी वाचन घ्यायचे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यडागांच्या एका समूहावर डोळे दिपवणारा प्रकाश पाहिला. सूर्यावरच्या त्या स्फोटानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आदळले. तारायंत्रे बिघडली, एरवी ध्रुवांजवळ दिसणारा ध्रुवीय प्रकाश कॅरिबियन बेटांपर्यंत दिसला. ब्रिटनमधल्या क्यू वेधशाळेत फोटोग्राफीच्या कागदावर आपोआप आलेख उमटत असे. तिथली रेषा कागदाबाहेर गेली. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याचे निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून आकडे टिपत राहिले. क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्यांच्या वहीत नोंदले गेले. वही लिहिणाऱ्यांना या आकड्यांचे मोल कळायचा मार्गच नव्हता. त्यांनी नेमून दिलेले काम चोख केले.

ट्राम आली, वेधशाळा हलली

१८९६ मध्ये डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस संचालक झाले. या पदावरचे ते पहिले भारतीय. थोड्याच वर्षांत मुंबईत विजेच्या ट्रामची तयारी सुरू झाली. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय मापने नासणार, हे मूस यांनी ओळखले. शहराचा विकास अडवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग निवडले. तिथली इमारत चुंबकीय गुणधर्म नसलेल्या पोरबंदरी दगडात बांधली गेली. लोखंड कटाक्षाने टाळले. आतले तापमान फार बदलू नये याचीही काळजी घेतली.

मूस यांची दूरदृष्टी त्यांच्या पुढच्या निर्णयात दिसते. १९०४ मध्ये अलिबाग सुरू झाले, तरी कुलाब्याची उपकरणे त्यांनी लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी निरीक्षणे घेतली आणि दोन्ही जागांच्या आकड्यांतला फरक ताडून पाहिला. त्यामुळे जागा बदलली तरी नोंदींची मालिका तुटली नाही. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तेव्हा अलिबागचे काम मार्गी लागले होते. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदींचे विश्लेषण करून मूस यांनी सिद्ध केलेले दोन खंड भूचुंबकत्वाच्या अभ्यासात आजही मोलाचे मानले जातात.

जुनी वही, नवा प्रश्न

१९७१ मध्ये भूचुंबकीय निरीक्षणांचे काम हवामान खात्यातून वेगळे होऊन भारतीय भूचुंबकत्व संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे. देशात ठिकठिकाणी तिच्या वेधशाळा आहेत, अंटार्क्टिकावर तिची निरीक्षणे चालतात आणि अलिबागची उपकरणेही सुरू आहेत.

२००३ मध्ये शास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी यांच्यासह या संस्थेतल्या गुरबक्ष लाखिना आणि शोभना अलेक्स यांनी १८५९ च्या नोंदी अभ्यासून शोधनिबंध प्रसिद्ध केला. ते वादळ किती तीव्र होते याचा अंदाज कुलाब्याच्या आकड्यांवरून बांधता आला. हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. मार्च १९८९ मध्ये त्याहून बऱ्याच सौम्य वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था कोसळली आणि सुमारे ६० लाख लोक कित्येक तास अंधारात राहिले. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानले येथून आकाशात लाल आभा दिसली. उपग्रह, वीजवाहिन्या आणि दिशादर्शन यांवर विसंबलेल्या आजच्या जगाला सूर्याचा कोप किती टोकाला जाऊ शकतो हे जाणून घ्यायचे, तर मुंबईतल्या त्या वहीकडे वळावे लागते.

रोजची नोंद कंटाळवाणी असते. तिला पारितोषिके मिळत नाहीत, अंदाजपत्रकात तिच्यासाठी भांडावे लागते. पण एक दिवस चुकलेली नोंद कितीही पैसा ओतला तरी पुन्हा घेता येत नाही. या द्विशताब्दीत सोहळे जरूर व्हावेत. त्याबरोबर आपल्या जुन्या वेधशाळांची, महाविद्यालयांची आणि हवामान केंद्रांची दप्तरे शोधून त्यांचे संगणकीकरण व्हावे आणि दीर्घकालीन निरीक्षणांना हक्काचा, न आटणारा निधी मिळावा. आपल्या गावातल्या संस्थेच्या कपाटात अशी एखादी जुनी वही असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका.