हर्सूलला उशिरा पोचलेला कायदा

१९४० साली ब्रिटिश हिंदुस्थानात औषध कायदा झाला तेव्हा औरंगाबादेला खेटून असलेले हर्सूल निजामाच्या मुलखात होते. औषधांतली भेसळ कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३१ सालीच सरकारपुढे मांडली होती. त्यातून झालेला हा कायदा मराठवाड्याला लागू व्हायला १९५१ साल उजाडले.

ब्रिटिश मुलखात १९४० पर्यंत भिस्त होती १८६० च्या दंडसंहितेवर. भेसळीचे औषध विकणाऱ्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद, हजार रुपये दंड किंवा दोन्ही. माणसाच्या जिवाचे हे मोल वाचताना आजही संताप येतो.

औषध कायद्यातल्या १९८२ च्या दुरुस्तीने अशा औषधाने मृत्यू ओढवल्यास किमान पाच वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठरली. तरीही १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा आणि डोळ्यांतला दाब उतरवण्यासाठी त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. या विषाने मूत्रपिंडे निकामी होतात. अमेरिकेत १९३७ साली याच विषाने शंभरावर बळी घेतले होते, म्हणजे धोका ठाऊक नव्हता असे कुणी म्हणू शकत नाही. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादाराबरोबरच रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन आणि थेट मंत्र्यांवर ठपका ठेवला. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावे लागले.

२००८ साली किमान शिक्षा दहा वर्षांवर गेली, दंड किमान दहा लाखांवर. पण खटला उभा राहतो तो नमुन्यावर. औषध निरीक्षक दुकानात येतो, रास्त किंमत मोजून औषध घेतो आणि विक्रेत्यासमोर त्याचे चार भाग करून सील ठोकतो. एक विक्रेत्याला, एक शासकीय विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी, एक विक्रेत्याने ज्याच्याकडून औषध घेतले त्याला. सीलबंद पाकिटे असतील तर पाकिटेच वाटून दिली जातात. विश्लेषकाचा अहवाल हाती पडल्यावर त्याला आव्हान द्यायचे असेल तर २८ दिवसांत कळवावे लागते. यातली एक पायरी चुकली की आरोपीच्या वकिलाचे काम सोपे होते. कायद्याचा कस इथे लागतो, शिक्षेच्या आकड्यात नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२४ च्या डिसेंबरात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला पुरवलेल्या अॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्याचा गुन्हा नोंदला गेला. अशा प्रकरणात अहवालावर वाद झाला आणि न्यायालयाने तसा आदेश दिला, तर नमुना कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत जातो आणि तिथला निष्कर्ष अखेरचा मानला जातो.