ओस गावाचं गाणं

1981 च्या जुलैत इंग्लंडातली शहरं एकामागून एक पेटत होती. त्याच दिवसांत रेकॉर्ड-विक्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर जे गाणं गेलं त्याचं नाव 'घोस्ट टाऊन', म्हणजे ओस पडलेलं, भुताचं गाव. बॅन्डचं नाव 'द स्पेशल्स'. लिहिणारे सर्रास लिहितात, हे दंगलीचं गाणं. मला हे पटत नाही. जुलैची दंगल होण्याआधीच ते लिहून झालं होतं, रेकॉर्ड झालं होतं, दुकानात आलं होतं. दंगल मागाहून आली. आणि गाणाऱ्यांच्या घरातली दंगल तर त्याच्याही आधीची.

बॅन्ड कॉव्हेंट्रीचा. मोटारीच्या कारखान्यांचं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं हाताला काम होतं म्हणून जमैकातून, पंजाबातून माणसं आली, राबली. मग कारखाने आवरायला लागले. ट्रायम्फ मोटारीचा कॅन्लीचा कारखाना 1980 साली बंद पडला. काम गेलं की गोऱ्या बेकाराला पहिला दिसतो तो शेजारचा काळा. मालक दिसत नाही, तो लांब राहतो. 1968 साली इनॉक पॉवेल नावाच्या खासदाराने बर्मिंगहॅममध्ये परदेशातून आलेल्यांविरुद्ध विष ओकलं होतं, ते अजून मुरत होतं. नॅशनल फ्रंटवाले मोर्चे काढत होते.

अशा गावात सात पोरांनी काळ्या-गोऱ्यांचा एकत्र बॅन्ड काढला. लिनव्हल गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल जमैकात जन्मलेले, बाकी पाच गोरे. जमैकाचं 'स्का' संगीत आणि गोऱ्या पोरांचं पंक यांचा त्यांनी मेळ घातला. 1979 साली 'टू-टोन' नावाचं स्वतःचं लेबल काढलं, खूण काळ्या-पांढऱ्या चौकटींची. ह्या सगळ्यामागचं डोकं जेरी डॅमर्स. पाद्र्याचा पोरगा, जन्म आपल्याकडचा, 1955 चा, उटकमंडचा.

दौऱ्यावर फिरताना डॅमर्सने देश बघितला. लिव्हरपुलात बंद दुकानं. ग्लासगोत म्हाताऱ्या बाया रस्त्यावर बसून घरातल्या कपबश्या विकतायत. हे त्याच्या डोक्यात बसलं. शिवाय बॅन्ड फुटायला आला होता, तेही बसलं. पुढे त्यानेच सांगितलं की गाण्यात बॅन्डची फाटाफूटही आहे. वर्षभर तो या एका गाण्यामागे होता. विषय साधा: बंद नाचघरं, मारामाऱ्या, बेकारी, वाऱ्यावर सोडलेली पोरं. पण चाल बघा. ऑर्गनचे वाकडे सूर, रडल्यासारखा हेल, सावकाश रेगे ठेका आणि वर रिको रॉड्रिग्जचा ट्रॉम्बोन. रिको तेव्हा पन्नाशीकडे झुकलेला. किंग्स्टनच्या अल्फा या गरीब पोरांच्या शाळेत वाजवायला शिकलेला. या पोरांनी ज्याचं संगीत उचललं त्यालाच शेजारी उभं केलं, हे मला मोठं वाटतं. उचलणारे पुष्कळ असतात.

रेकॉर्डिंग 1981 च्या एप्रिलमध्ये, लेमिंग्टन स्पा इथल्या एका घरातल्या छोट्या स्टुडिओत. आठच ट्रॅकचं मशीन. आदल्या अल्बमला चोवीस ट्रॅक होते, त्यात जीव रमला नव्हता. निर्माता जॉन कॉलिन्स. त्याचं एक घरगुती रेगे रेकॉर्ड डॅमर्सने ऐकलं आणि सरळ फोन केला. कॉलिन्सने प्रत्येकाला वेगवेगळं वाजवायला लावलं, एकावर एक थर चढवले. एकत्र बसवणं तसंही अवघडच होतं. तालमीतून माणसं उठून जात होती. नेव्हिल नवी कल्पना करूनच बघेना म्हणून डॅमर्स हताश होऊन बाहेर पडला. गिटारवाला रॉडी लाथ घालून भिंतीला भोक पाडायला निघाला होता. एकजुटीचा झेंडा घेतलेल्यांची ही आतली गोष्ट. आपल्या वाचकांना ती फार समजावून सांगायला नको.

त्याच एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये पोलिसांनी काही दिवसांत साडेनऊशेच्या आसपास लोकांना रस्त्यात अडवून झडत्या घेतल्या, बहुतेक काळी पोरं. नुसत्या संशयावर धरायला जुना 1824 चा भटक्यांविरुद्धचा कायदा होताच. भटका म्हणजे गुन्हेगार, हे इंग्रजी गणित आपल्या माणसांच्याही पाठीवर उमटलेलं आहे. ब्रिक्स्टन पेटलं. त्याच महिन्यात कॉव्हेंट्रीत भर गावात, भर दिवसा एका पंजाबी विद्यार्थ्याचा खून झाला. जूनमध्ये स्पेशल्सनी गावच्या स्टेडियमवर वर्णद्वेषाविरुद्ध कार्यक्रम केला. गाणं त्याच जूनमध्ये बाहेर पडलं.

3 जुलैला साउथॉलमध्ये टकले गोरे गुंड बॅन्ड ऐकायला गोळा झाले, तेव्हा आशियाई पोरांनी तो दारूचा गुत्ताच जाळला. त्याच रात्री लिव्हरपुलचं टॉक्स्टेथ. मग मँचेस्टरचं मॉस साइड. 11 जुलैच्या यादीत 'घोस्ट टाऊन' पहिलं, मायकल जॅक्सनला खाली ढकलून. तीन आठवडे तिथंच. बेकारांचा आकडा पंचवीस लाखांच्या पुढे गेला होता, 1982 च्या जानेवारीत तीस लाखांवर गेला. थॅचरबाईंनी दंगलीला गुन्हेगारी म्हटलं. गाण्याने तिची कारणं महिनाभर आधी सांगून ठेवली होती.

आणि पहिल्या नंबरावर असतानाच, टीव्हीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' कार्यक्रमाला गेले असताना, टेरी हॉल, गोल्डिंग आणि स्टेपल यांनी डॅमर्सला सांगितलं, आम्ही चाललो. त्यांनी वेगळी चूल मांडली. डॅमर्स उरलेल्यांना घेऊन राहिला आणि 1984 साली नेल्सन मंडेलांच्या सुटकेची मागणी करणारं गाणं त्यानेच काढलं. तेव्हा मंडेला तुरुंगात होते, सुटका 1990 ची.

रेकॉर्डची दुसरी बाजू कुणी फारशी बोलत नाही. तिच्यावर दोन गाणी आहेत. एक टेरी हॉलचं, कॉव्हेंट्रीच्या लोकार्नो नाचघरातल्या शुक्रवारच्या रात्रीवर. ते नाचघर बंद पडलं आणि 1986 साली तिथं शहराचं ग्रंथालय झालं. दुसरं गाणं लिनव्हल गोल्डिंगचं. 1980 साली लंडनमध्ये त्याला गोऱ्या गुंडांनी मारलं होतं. त्याने मारणाऱ्यांनाच उद्देशून गाणं लिहिलं आणि त्यांना एकच प्रश्न विचारला, का? गाण्याचं नावही तेच. रेकॉर्ड घराघरात गेली. 1982 साली खुद्द कॉव्हेंट्रीतल्या एका क्लबात त्याच्यावर पुन्हा हल्ला झाला. मरता मरता वाचला.