गिअरबॉक्सचा बोल्ट आणि पान्याचा इतिहास

१/
गाडीचे गिअर ऑइल घरी बदलायचे ठरवले, की पहिली अडचण तेलाची नसते, पान्याची असते. गिअरबॉक्सच्या पोटाशी असलेला बोल्ट कधी षटकोनी डोक्याचा असतो, कधी त्याला आत षटकोनी खाच असते, तर कधी नुसते चौकोनी भोक. घरच्या पेटीतला एकही पाना त्याला लागत नाही. हा बोल्ट असाच का घडवला? तो कोणी उघडावा, अशी घडवणाऱ्याची अपेक्षा होती? आज या धाग्यात त्याचा माग काढू.

२/
प्रथम काम समजून घेऊ. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत गिअरबॉक्सला सहसा दोन बुचे असतात. वरचे तेल भरण्याचे, खालचे तेल काढण्याचे. जाणकार मिस्त्री नेहमी वरचे आधी सैल करतो. खालच्या बुचातून सगळे तेल वाहून गेले आणि वरचे गंजून बसलेले निघाले, तर गाडी आहे तिथेच अडकते. वरच्या बुचाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले, की ते पुरेसे झाले.

३/
साधनेही फार नाहीत. बुचाला बसणारा पाना, जोर लावायला लांब दांडा, जुने तेल धरायला पसरट परात, दाट तेल वर चढवायला हातपंप किंवा नळी, नवे वॉशर आणि बोल्ट नेमका किती आवळला हे सांगणारा टॉर्क पाना. गाडी उचलली, तर ती भक्कम स्टँडवर टेकवलेली हवी. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कोणी शिरू नये. या यादीतील प्रत्येक वस्तू बाजारात मिळते. तरीही नेमकी हवी ती सापडत नाही. कारण शोधायला १८४१ साली जावे लागते.

४/
त्या वर्षी इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी बोल्टच्या आट्यांचे एक समान माप सुचवले. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे होते. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे. व्हिटवर्थ यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचे आटे मांडले. युरोप खंडात मिलिमीटरची मापे रुजत गेली. एकाच शतकात जगात तीन मापकुळे उभी राहिली, आणि प्रत्येकाचे पाने वेगळे.

५/
गंमत अशी, की व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या डोक्याचा नसतो. बोल्टची दांडी किती जाड आहे, याचा असतो. अमेरिकी पान्यावरचा आकडा मात्र डोक्याच्या रुंदीचा. त्यामुळे दोन पान्यांवर ‘अर्धा इंच’ असेच लिहिलेले असूनही त्यांची तोंडे भिन्न. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना एकमेकांची यंत्रे दुरुस्त करताना याचा मोठा जाच झाला. अखेर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी इंचांच्या आट्यांचे एक सामाईक मानक मान्य केले.

६/
आता गिअरबॉक्सकडे वळू. फ्रान्सच्या पानार-लेव्हासोर कंपनीने १८९१ च्या सुमारास सरकत्या दात्यांची गिअररचना मोटारीत बसवली. आजच्या हातगिअरचे मूळ तेथे आहे. आरंभी दाते उघड्यावरच फिरत. पुढे ते तेलाच्या बंद पेटीत गेले. ती पेटी कोणी उघडायची, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. मोटार धनिकांची होती आणि तिच्यासोबत पगारी माणूस असे. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच भट्टी पेटवणारा. गाडी चालवणे आणि ती दुरुस्त ठेवणे ही दोन्ही कामे त्याचीच.

७/
फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने हे चित्र पालटले. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. ग्राहक बहुधा शेतकरी, गावकरी. जवळपास गॅरेज नाही. म्हणून गाडीसोबत हत्यारे मिळत आणि माहितीपुस्तक प्रश्नोत्तरांच्या रूपात असे. इंजिन आणि गिअर यांना तेलही एकच. गिअर ऑइल निराळे बदलण्याचा प्रश्नच नव्हता. गाडीचा मालकच तिचा मिस्त्री आहे, हे येथे गृहीत धरलेले दिसते.

८/
याच सुमारास हत्यारांच्या जगात दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. पहिली अमेरिकेतील हार्टफर्ड शहरातली. त्या काळी कारखान्यातील फिरत्या दांड्यांवर बाहेर आलेली बोल्टची डोकी असत. त्यांत कामगाराचे कपडे अडकत आणि भीषण अपघात होत. विल्यम ॲलन यांनी १९१० मध्ये आत षटकोनी खाच असलेल्या बिनडोक्याच्या स्क्रूच्या निर्मितीचे पेटंट घेतले. आपण ज्याला ‘एलन की’ म्हणतो, तिच्या प्रसारामागे कामगाराच्या जिवाची काळजी आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

९/
दुसरी गोष्ट १९२० ची. जोसेफ जॉन्सन यांच्या मनात आले, की प्रत्येक मापाला स्वतंत्र दांडा कशाला? पाच दांडे आणि दहा सुटे सॉकेट घेतले, की पन्नास पान्यांचे काम होते. दांड्याच्या टोकाला चौकोनी खुंटी, तिच्यावर हवा तो सॉकेट बसवायचा. या कल्पनेतून ‘स्नॅप-ऑन’ ही कंपनी उभी राहिली. आज प्रत्येक गॅरेजमध्ये टकटक करणारे रॅचेट याच परंपरेतले. ही चौकोनी खुंटी ध्यानात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

१०/
१९२८ मध्ये कॅडिलॅकने ‘सिंक्रोमेश’ आणले. त्यापूर्वी गिअर बदलणे ही एक कलाच होती. चुकले की दाते करकरत. आता दोन चाकांचा वेग आधी जुळवून देणारी योजना आत बसली आणि गाडी चालवणे कोणालाही जमू लागले. मात्र पुढे या योजनेत पितळी कड्या सर्रास वापरल्या जाऊ लागल्या आणि त्यांना प्रत्येक तेल मानवत नाही. म्हणून डब्यावर ‘जीएल-४’ लिहिले आहे की ‘जीएल-५’, हे पाहावे लागते. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये अधिक असतात आणि अशी काही तेले पितळेला बाधतात. म्हणजे पान्याइतकेच ज्ञानही हत्यार ठरले. चालवणे सोपे झाले, उघडणे अवघड.

११/
या कथेतील सर्वांत बोलके पात्र म्हणजे फोक्सवॅगन बीटल. १९७२ च्या फेब्रुवारीत तिने मॉडेल टीच्या उत्पादनाचा विक्रम मोडला. तिच्या गिअरबॉक्सच्या दोन्ही बुचांना १७ मिलिमीटरची षटकोनी खाच होती. एवढी जाड एलन की घरच्या पेटीत असणे जवळपास अशक्य. नेहमीच्या संचातली सर्वांत मोठी की दहाच्या आसपास थांबते. आणि गाडी तर सामान्यांची!

१२/
लोकांनी यावर तोड काढली. जुन्या जर्मन मानकाप्रमाणे दहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके नेमके १७ मिलिमीटरचे असते. असा एक बोल्ट घ्यायचा, त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळायचे, डोके बुचाच्या खाचेत घालायचे आणि पाना नटावर लावायचा. झाले हत्यार तयार. नट फारच फिरू लागले, तर वेल्डिंगचा एक टाका. किंमत अगदी किरकोळ. ज्या मापाने माणसाला बाहेर ठेवले, त्याच मापात त्याने वाट शोधली.

१३/
अशा ज्ञानाला ग्रंथाचे रूप देणारी दोन माणसे येथे आठवतात. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटची दुरुस्तीपुस्तिका काढली. गाडी खरोखर सुटी करायची, पुन्हा जोडायची आणि प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यायचे, ही त्यांची पद्धत. अमेरिकेत जॉन मुइर यांनी १९६९ मध्ये फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी, याचे पुस्तक सांता फे येथून स्वतःच प्रसिद्ध केले. त्यांनी ते पूर्ण अजाण माणसाला उद्देशून लिहिले आणि हत्यारांची यादीही टप्प्याटप्प्याने दिली. आधी थोडी घ्या, हात बसला की पुढची.

१४/
ही पुस्तके लाखोंनी खपली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांचे मोल वेगळेच वाटते. कारागिराचे ज्ञान सहसा लिहिले जात नाही. ते हातातून हातात जाते आणि हात थकले की संपते. या पुस्तकांनी ते कागदावर उतरवले. गॅरेजमध्ये पाऊल टाकायला बिचकणाऱ्या माणसालाही ते खुले झाले.

१५/
आपल्याकडे काय घडले? स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी अमेरिकी विलीज जीप जोडायला घेतली. तिचे बोल्ट इंचांचे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट इटालियन वंशाची. तिचे बोल्ट मिलिमीटरचे. ॲम्बॅसडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, पुन्हा इंच. त्यामुळे फियाट टॅक्सीच्या मिस्त्रीची पेटी ॲम्बॅसडरला पुरी पडत नसे आणि उलटही तसेच.

१६/
१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली. पण आजही जुन्या मिस्त्रीला विचारा, तो ‘चार सुताचा पाना दे’ म्हणतो. एका इंचाची आठ सुते. चार सूत म्हणजे अर्धा इंच. त्याच दमात तो ‘बारा-तेराचा पाना’ही मागतो, तो मिलिमीटरचा. एका वाक्यात दोन मापपद्धती आणि गोंधळ शून्य! आपल्या मोटारींचा सगळा वंशवृक्ष त्याच्या जिभेवर आहे. मुंबईची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिच्यासोबत असे किती हात निवृत्त झाले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

१७/
पुढे प्रश्न बोल्टपुरता राहिला नाही. गाडीत संगणक आले आणि दोष शोधण्याचे यंत्र हेच नवे हत्यार झाले. काही गाड्यांचे गिअर ऑइल तर ‘आयुष्यभरासाठी’ म्हणून जाहीर झाले, म्हणजे उघडूच नका. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी मोटारदुरुस्तीच्या अधिकाराला कौल दिला. भारतात २५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळत नाहीत, हा त्यातील मुख्य आक्षेप. कंपन्यांनी त्या आदेशाला अपिलात आव्हान दिले.

१८/
२०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी होत्या. शेतीची अवजारे या यादीत यावीत, याला अर्थ आहे. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडला आणि तो उघडण्याचे साधन शंभर किलोमीटरवर एकाच ठिकाणी असले, तर वाया जाणारा दिवस शेतकऱ्याचा असतो.

१९/
तरीही हा इतिहास खलनायकाचा नाही. आतली खाच कामगाराला वाचवायला आली. सिंक्रोमेशने नवशिक्याच्या हाती गाडी दिली. विशेष हत्यार लागते, म्हणजे कोणीतरी कट रचला, असे नव्हे. परंतु प्रत्येक सोयीबरोबर उघडण्याचा अधिकार थोडा थोडा दुसऱ्याच्या हाती गेला आणि हे कोणाला विचारून झाले नाही. बोल्टचे तोंड ठरवताना अभियंता नकळत एक सामाजिक निर्णयही घेतो. या वस्तूच्या आत जाण्याचा अधिकार कोणाला?

२०/
शेवटी घरची गोष्ट. आमच्या जुन्या गाडीचे गिअर ऑइल बदलायला बाबा आणि मी निघालो. खालच्या बुचाला चौकोनी भोक. पुण्याच्या बोहरी आळीत तीन दुकाने पालथी घातली. “चौकोनी एलन की” असे काही नसते, हे प्रत्येकाने वेगवेगळ्या शब्दांत सुनावले. एकाने बाबांकडे बघत विचारले, “गॅरेजला का नाही देत?” प्रश्न मी विचारला होता, उत्तर बाबांना मिळाले. चौथ्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या आजोबांनी भोकाचे माप विचारले. “साडेनऊ मिलिमीटर,” मी म्हणाले. “म्हणजे तीन सूत,” ते म्हणाले. “घरी रॅचेट आहे ना? सॉकेट काढून टाक आणि नुसता दांडा घाल.”

२१/
घरी येऊन तसेच केले. तीन सुतांची ती चौकोनी खुंटी भोकात अलगद बसली. आठवडाभर जे हत्यार शोधत होतो, ते पेटीतच होते. त्यावर एक सॉकेट चढवलेला होता, इतकेच. हा बोल्ट घडवणाऱ्याने कुठल्याही साध्या गॅरेजमध्ये, कुठल्याही घरी असेल असेच माप निवडले होते. तो आमच्यासाठीच होता. ते सांगणारे कोणी नव्हते.

२२/
तुमच्या घरी आजोबांची, वडिलांची हत्यारांची पेटी असेल, तर ती एकदा उघडा. पान्यांवरचे आकडे वाचा. इंच की मिलिमीटर? कोणत्या देशाचे नाव कोरले आहे? कोणत्या गाडीसाठी घेतला होता? जे सापडेल ते खाली लिहा. आणि जुने तेल कृपया गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

धागा समाप्त.