सुरक्षा अधिकारी (कारखान्यातील)

कारखान्यातील अपघात व व्यवसायजन्य आजार टळावेत म्हणून नेमलेला तांत्रिक अधिकारी. १९४८च्या कारखाने अधिनियमात १९७६ साली दुरुस्ती होऊन हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात हे पद सक्तीचे झाले; भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळे प्रकरण जोडले गेले.

हेल्मेट आणि फलक ही कामाची दिसणारी बाजू. खरी कसोटी लागते ती बंद टाकीच्या तोंडाशी. माणूस आत उतरण्याआधी ऑक्सिजन (बाहेरच्या हवेत सुमारे २०.९ टक्के, १९.५च्या खाली प्रवेश नाही, हा प्रचलित निकष), मग ज्वलनशील आणि विषारी वायू मोजून लेखी परवाना द्यायचा असतो. नाकावर भिस्त ठेवता येत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की तो येईनासाच होतो. बेशुद्ध सोबत्याला काढायला धावलेला दुसराही अनेकदा तिथेच कोसळतो. म्हणून तोंडाशी एक माणूस फक्त लक्ष ठेवायला उभा असतो, आणि काहीही झाले तरी त्याने आत जायचे नसते.

उत्पादन खोळंबले की परवान्यावर सहीची घाई सुरू होते. २०२५पर्यंत लागू असलेल्या या कायद्यानुसार अधिकाऱ्याचे काम मुख्यतः सल्ल्याचे होते. जबाबदारी भोगवटादार व व्यवस्थापकाची होती. त्यामुळे काम थांबवण्याचा अधिकार व्यवस्थापनाने त्याला लेखी दिला आहे का, यावर बरेच अवलंबून असे.